काळा रंग राहू दे, नाचणी आणा

"मी खानापूर तालुक्यातल्या एका सरकारी मराठी शाळेत चौथी-पाचवीला शिकवते. जानेवारीत आमचं स्नेहसंमेलन आहे. यंदाचा विषय 'जगाची सफर' आणि माझ्या वर्गाच्या वाट्याला आफ्रिका आलीय. मुख्याध्यापकांचं म्हणणं, पोरांना काळा रंग फासा, पानांचे घागरे करा, एक झिंगालाला नाच बसवा, टाळ्या हमखास. माझ्या वर्गात एक सिद्दी, म्हणजे पूर्वी आफ्रिकेतून आलेल्या लोकांच्या समाजातला, मुलगा आहे. विषय निघाला तसा मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, 'बाई, ह्याला रंग लावायलाच नको!' सगळे हसले. तोही हसला. पण दुसऱ्या दिवसापासून तो शाळेला आलेला नाही. आता आठवडा होत आला. माझ्या मनात होतं की त्याच्या आजोबांना शाळेत बोलवावं, त्यांच्याकडून मुलांना आफ्रिकेची माहिती द्यावी, म्हणजे त्यालाही बरं वाटेल. खरं सांगायचं तर सिंह, वाळवंट आणि दुष्काळ यापलीकडे आफ्रिकेतलं मला स्वतःलाच काही ठाऊक नाही. शाळेत एक पृथ्वीगोल आहे, माझा मोबाइल आहे आणि हातात तीन आठवडे. काय शिकवू आणि कसं शिकवू?"

— एक शिक्षिका, खानापूर तालुका, जि. बेळगाव

बाई,

आफ्रिका नंतर. आधी त्या मुलाच्या घरी जाऊन या, शक्यतो उद्याच. हजेरीची चौकशी करायला आल्यासारखं जाऊ नका, पोरं ते लगेच ओळखतात. "वर्गात जे झालं ते मला आवडलेलं नाही, मी तिथल्या तिथं थांबवायला हवं होतं," एवढं त्याच्या आईसमोर त्याला सांगा आणि विषय बदला. "मनावर घेऊ नको, गंमत होती ती" हे वाक्य चुकूनही नको. तो हसला होता म्हणता. नऊ-दहा वर्षांचं पोर सगळा वर्ग हसत असताना दुसरं काय करणार?

आजोबांना बोलवायची कल्पना मात्र सोडून द्या. हेतू चांगलाच आहे तुमचा. पण त्या आजोबांनी आफ्रिका पाहिलीय का? त्यांच्या पणजोबांनी तरी पाहिली असेल का? खानापूर, हल्याळ, यल्लापूर, कलघटगी या रानपट्ट्यात सिद्दी लोक कैक पिढ्या राहताहेत. घरात कोकणी-मराठीला लागून असलेली बोली, बाजारात कन्नड. त्यांच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत. कुठल्या झाडावरचा मध कधी उतरवायचा हे ते आजोबा झोपेतसुद्धा सांगतील; नैरोबीबद्दल त्यांना तुमच्या-माझ्याइतकंच ठाऊक असणार. त्यांना 'आफ्रिका' म्हणून वर्गासमोर उभं केलं, तर मागच्या बाकावरच्या पोरानं जे टिंगलीत म्हटलं तेच आपण आदरानं म्हटल्यासारखं होईल. बोलवायचंच तर 'आपलं रान' शिकवताना बोलवा, आणखी चार मुलांच्या आजी-आजोबांबरोबर. जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून सिद्दी बायका जी कवंदी शिवतात तीही त्या दिवशी मागवा आणि शेजारी मराठी घरातली वाकळ ठेवा. पण तो दिवस वेगळा. आफ्रिकेच्या तीन आठवड्यांत तो मुलगा इतर मुलांसारखा विद्यार्थी असू दे, नमुना नको.

टिंगल करणाऱ्या मुलाला सगळ्यांसमोर झापू नका. त्यानं वर्गाचं लक्ष पुन्हा त्या सिद्दी मुलाकडेच जातं. मधल्या सुट्टीत बाजूला घ्या, तो काय बोलला ते त्याच्याच तोंडून पुन्हा वदवून घ्या आणि गप्प राहा. बहुतेक मुलांना एवढं पुरतं. आणि एक लक्षात ठेवा, रंगावरून हसणं एकट्या सिद्दी मुलापुरतं नसतं. तुमच्या वर्गातल्या कितीतरी पोरींना घरी, लग्नकार्यात, शेजारीपाजारी 'सावळी हो, पण नाकीडोळी नीटस' असं ऐकावं लागतं. मंचावर काळा रंग फासून हशा पिकवला की त्या पोरीही खाली बसून ते बघतात.

आता मुख्याध्यापक. त्यांच्याशी वाद घालत बसू नका, सोपं करून सांगा. सिद्दी समाज अनुसूचित जमातींच्या यादीत आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यातला २००३ पासून, बेळगाव आणि धारवाडमधला २०२० पासून. शाळेच्या मंचावर त्या समाजाच्या रूपाचं सोंग झालं, कुणी मोबाइलवर काढून गावभर पाठवलं, तर एसडीएमसीपासून (शाळा विकास समिती) बीईओंपर्यंत (गटशिक्षणाधिकारी) कुणाकुणाला उत्तरं द्यावी लागतील हे ते स्वतःच ओळखतील. एवढं सांगून लगेच पुढचं वाक्य टाका: "सर, माझ्याकडं दुसरा कार्यक्रम तयार आहे." नुसता नकार कुणालाच नको असतो. तो दुसरा कार्यक्रम कसा करायचा ते आता बघू.

पहिली गोष्ट, अख्खी आफ्रिका शिकवायला घेऊ नका. ५४ देश आहेत, दोन हजारांच्या आसपास भाषा आहेत, आणि क्षेत्रफळात नऊ भारत मावतात. हे मुलांना पटवायला पृथ्वीगोलावर पातळ कागद ठेवून भारत गिरवा, कापा आणि आफ्रिकेवर फिरवत जा. भिंतीवरच्या नकाशावर हे करू नका, त्यात ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं. खरं तर आफ्रिका त्याच्या चौदापट आहे. एका तासाचं काम. मग सांगा की यातला आपण एकच पट्टा बघणार आहोत, आपल्या समोरचा: इथिओपिया, केनिया, टांझानिया आणि थोडं आत झिंबाब्वे. कारवार-गोव्याच्या किनाऱ्यावरून नैर्ऋत्येला बोट फिरवलं की समुद्र ओलांडून पलीकडे लागतो तो हाच.

सुरुवात ताटापासून करा. पाच वाट्या आणा: ज्वारी, बाजरी, नाचणी, चवळी, चिंच. "यातलं आपल्या गावचं काय आणि बाहेरचं काय?" असं विचारा. सगळी पोरं एका सुरात ओरडतील, "सगळं आपलंच!" ओरडू द्या. मग सांगा. ज्वारी माणसानं पहिल्यांदा लागवडीखाली आणली ती सुदानच्या पूर्व भागात, सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी. नाचणी इथिओपिया-युगांडाच्या डोंगराळ भागातली. बाजरी सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेची. चवळी आफ्रिकेतली, चिंचेचं झाडही मुळात तिथलंच. कुणीतरी तिथं शेकडो वर्षं दाणा निवडत, पेरत, जपत आणला, मग तो समुद्रमार्गानं इकडे आला. ज्वारी आपल्याकडे येऊनच साडेतीन-चार हजार वर्षं होत आली असावीत. अथणी-सौंदत्तीकडची भाकरी आणि चंदगड-खानापूरकडची आंबील या दोन्हींच्या मागे आफ्रिकेतला शेतकरी आहे. शाळेत दुधाबरोबर जे रागी माल्ट मिळतं, त्यामागेही तोच. (मिरची आणि बटाटा अमेरिकेहून पोर्तुगीजांबरोबर आले, कुणीतरी हुशार पोर तो प्रश्न काढेलच. तो धडा वेगळा, इथं मिसळू नका.)

दुसऱ्या दिवशी आंबील करा. अक्षर दासोहच्या, म्हणजे शाळेत दुपारचं जेवण करणाऱ्या, मावशींना विश्वासात घ्या. केनियात आणि टांझानियात सकाळी 'उजी' पितात. नाचणीचं, कधी मक्याचं नाहीतर ज्वारीचं पीठ पाण्यात कालवून, कुठं कुठं रात्रभर आंबवून, सकाळी शिजवलेली पातळ पेज. आपल्याकडे तिच्यात ताक, मीठ, ठेचलेला लसूण जातो. तिकडे साखर आणि कधी लिंबू. वर्गात दोन पातेली ठेवा, एकात आपली आंबील, दुसऱ्यात साखर-लिंबू घातलेली. मुलांना दोन्ही चाखू द्या आणि कुठली का आवडली ते वहीत लिहायला सांगा. गोड आंबील बघून काहीजण तोंड वाकडं करतील. "शी!" म्हणायचं नाही, "मला सवय नाही" म्हणायचं, एवढा एक नियम ठेवा. दुसऱ्याची संस्कृती शिकवताना मुलांना जे वळण लावायचं असतं त्यातलं निम्मं या एका नियमात येतं.

इथं एक क्रम मी आग्रहानं सांगेन. आधी आजची आफ्रिका, मग इतिहास. आपण सर्रास उलटं करतो आणि मग पोरांना वाटतं की तिकडची माणसं अजून झोपडीतच राहतात. नैरोबीतल्या मुलाचा दिवस सांगा. तो गणवेश घालून शाळेत जातो. घरी एक भाषा, रस्त्यावर स्वाहिली, शाळेत इंग्रजी. मुंबई-पुण्याच्या पोरांना हे समजावून सांगावं लागेल. घरी मराठी, बाजारात कन्नड आणि फळ्यावर इंग्रजी अशा तुमच्या पोरांना ते लगेच कळेल. त्याच्या घरी चपाती आणि दुधाचा चहा असतो, कारण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मोंबासाहून व्हिक्टोरिया सरोवराकडे रेल्वे टाकायला ब्रिटिशांनी तीस हजारांवर मजूर हिंदुस्थानातून नेले होते आणि त्यातले काही तिथंच राहिले. त्यांच्यामागून दुकानदार गेले. त्याची आई मोबाइलवरून पैसे पाठवते. ते केनियात २००७ मध्येच सुरू झालं. आपली यूपीआय आली २०१६ मध्ये. हे ऐकून पोरांचे चेहरे बघा. वांगारी मथाईंबद्दल सांगा. त्यांनी १९७७ मध्ये केनियातल्या खेड्यापाड्यातल्या बायकांना बरोबर घेऊन झाडं लावायला सुरुवात केली, तीन कोटींवर झाडं लागली आणि २००४ मध्ये त्यांना शांततेचं नोबेल मिळालं. झाडं तोडली की ओढा कसा आटतो हे खानापूरच्या पोरांना निराळं शिकवायला नको.

इथिओपियात घड्याळ सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. फळ्यावर शाळेचं वेळापत्रक त्यांच्या वेळेत लिहायला लावा: शाळा दहाला भरत असेल तर चार वाजता भरते, दीडची मधली सुट्टी साडेसातला. त्यांच्या वर्षाला तेरा महिने, बारा तीस-तीस दिवसांचे आणि तेरावा पाच किंवा सहा दिवसांचा. नवं वर्ष बहुधा ११ सप्टेंबरला. आपल्या अधिक महिन्याबद्दल ज्या पोरांना आजीनं सांगितलंय, ती इथं तुम्हाला प्रश्न विचारून हैराण करतील. गणिताचा एक तास यातच निघून जाईल, खुशाल जाऊ द्या.

मग इतिहास, आणि तो वाऱ्यापासून. तुमच्याकडे पाऊस कुठून येतो हे पोरांना विचारावं लागत नाही, जून ते सप्टेंबर पश्चिमेकडून झोडपतो. तोच वारा आफ्रिकेकडून हिंदुस्थानकडे शिडाची जहाजं ढकलत आणायचा. दिवाळीनंतर वारा फिरतो, ईशान्येकडून वाहू लागतो आणि तीच जहाजं परत न्यायचा. पटांगणात चुन्यानं दोन किनारे आखा. मुलांच्या हातात ओढण्या द्या, ती त्यांची शिडं. तुम्ही "मार्गशीर्ष!" म्हणालात की भारताची जहाजं आफ्रिकेकडे पळतील, "श्रावण!" म्हणालात की उलटी. "आषाढ!" म्हणालात की सगळ्यांनी खाली बसायचं, कारण ऐन पावसात समुद्र खवळलेला आणि जहाजं बंदरात. दोन-तीन फेऱ्या झाल्यावर विचारा: वारा फिरेपर्यंत परक्या बंदरात चार-पाच महिने बसून व्यापारी काय करत असतील? पोरं सांगतील: खातील, झोपतील, भांडतील, तिथली भाषा शिकतील. कुणीतरी लाजत लाजत "लग्न करतील" म्हणेल. तेच झालं. आफ्रिकी, अरब, इराणी, हिंदी माणसांच्या अशा राहण्यातून त्या किनाऱ्यावरची बंदरं भरभराटीला आली आणि स्वाहिली संस्कृतीला तिचं रूप आलं. तिचं मूळ मात्र आफ्रिकी, भाषाही आफ्रिकी. ती बाहेरच्यांनी आणून दिली असं शिकवू नका.

एकच बंदर घ्या: किल्वा, टांझानियाच्या किनाऱ्याजवळचं बेट. तिथली घरं आणि मशिदी समुद्रातल्या पोवळ्याच्या दगडाच्या. १३३१ मध्ये मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता तिथं गेला आणि शहराच्या देखणेपणानं खूश झाला. आतल्या मुलखातून सोनं आणि हस्तिदंत यायचं, आपल्याकडून कापड आणि मणी जायचे, चीनची भांडीसुद्धा तिथं पोचायची. सोनं यायचं त्या वाटेवर आत ग्रेट झिंबाब्वे. ग्रॅनाइटचे दगड नुसते एकावर एक रचून, चुना-माती काही न घालता उभारलेल्या भिंती. मोठ्या आवाराची बाहेरची भिंत सुमारे अडीचशे मीटर घेराची आणि जागोजागी अकरा मीटर उंच. अकराव्या ते पंधराव्या शतकातलं हे काम. तुमच्याकडच्या पोरांनी गडगा घालताना पाहिलेला असतो. त्यांना शाळेमागे दगड द्या आणि गुडघ्याएवढा गडगा रचायला सांगा, बिनचुन्याचा. दोनदा कोसळेल. तिसऱ्यांदा रचताना कोनाचा दगड कुठं बसवायचा यावर त्यांच्यात जी चर्चा होईल, ती कान देऊन ऐका.

आणि मग हे सांगा: गोऱ्या वसाहतवाल्यांनी ती भिंत बघितली आणि म्हणाले, ही आफ्रिकी लोकांनी बांधलेली असणं शक्यच नाही, कुणा प्राचीन फिनिशियन व्यापाऱ्यांचं नाहीतर बायबलातल्या शेबाच्या राणीचं काम असणार. १९०५ मध्ये एका संशोधकानं आणि १९२९ मध्ये गर्ट्रूड कॅटन-थॉम्प्सन या बाईंनी उत्खनन करून दाखवून दिलं की बांधणारे तिथलेच. तरी तिथलं गोरं सरकार पुढं कित्येक वर्षं ते मान्य करायला तयार नव्हतं. १९८० मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हा त्यानं त्या दगडी नगरीचंच नाव घेतलं. तिथं सापडलेला दगडी पक्षी त्यांच्या झेंड्यावर आहे. दहा वर्षांच्या मुलाला 'पूर्वग्रह' वगैरे सांगायला जाल तर जांभया येतील. गडगा रचून हात सोललेल्या पोराला "हे तू बांधलंसच नाहीस" असं म्हणून बघा.

लालिबेलाला फार वेळ देऊ नका, फोटो पुरेत. इथिओपियात बाराव्या-तेराव्या शतकाच्या सुमारास डोंगरात वरून खाली कोरत नेलेली अकरा चर्चं. वेरूळचं कैलास लेणं ज्यांनी निदान चित्रात पाहिलंय, त्यांना 'वरून खाली' म्हणजे काय ते चटकन उमगेल. जिराफाची गोष्ट मात्र विसरू नका. १४१५ मध्ये केनियातल्या मालिंदीहून एक जिराफ जहाजात घालून चीनच्या बादशहाकडे नेला होता. त्याची मान जहाजात कशी मावली असेल, याचं चित्र प्रत्येकानं काढायचं.

आता अवघड भाग. "सिद्दी" म्हटलं की तुमच्या वर्गातला कुणीतरी छाती काढून म्हणणार, "सिद्दी जौहर! महाराजांना पन्हाळ्यावर अडकवला त्यानं!" आणि दुसरा जंजिरा काढणार. अडवू नका, उलट तिथंच थांबा. १६६० चा पन्हाळ्याचा वेढा सिद्दी जौहरचा, खरं आहे. पण तो वेढा फोडायला नेतोजी पालकरांबरोबर जे चालून आले त्यांत महाराजांचा सरदार सिद्दी हिलाल होता, आणि त्याचा मुलगा सिद्दी वाहवाह त्या लढाईत घायाळ होऊन शत्रूच्या हाती पडला. भिंतीच्या दोन्ही बाजूंना सिद्दी होते, जसे दोन्ही बाजूंना मराठेही होते. त्याच्या आधीचा मलिक अंबर घ्या. १५४८ च्या सुमारास इथिओपियात जन्मला, लहानपणी विकला गेला, हातोहात विकला जात बगदादहून दख्खनेत आला आणि अखेर निजामशाहीचा कारभारी झाला. आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या जागी खडकी वसवली, शहराला पाणी आणणारा नहर बांधला, मोगलांना गनिमी काव्यानं जेरीस आणलं. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत त्याच्या बाजूनं शहाजीराजे लढले. राजांचे भाऊ शरीफजी तिथंच पडले. शिवचरित्र तोंडपाठ असलेल्या पोरांना आफ्रिकेचं हे नातं कुणी सांगितलेलंच नसतं.

'विकला गेला' म्हटल्यावर प्रश्न येणारच. माणसाला कसं विकतात, बाई? खरं ते सांगा, वयाला झेपेल एवढं. माणसांना पकडून, घरापासून तोडून, पैसे घेऊन विकत. अरब विकत, युरोपीय विकत, आफ्रिकेतले काही राजेही विकत, आणि घेणाऱ्यांत आपल्याकडचे सुलतान-सरदार होते. गोव्यात पोर्तुगीजांनी मोझांबिककडून माणसं आणली. त्यातली कित्येक घाट चढून पळाली आणि रानात वस्ती करून राहिली. साखळ्या, फटके यांची चित्रं दाखवू नका; त्या वयात मुलांच्या डोक्यात तेवढंच उरतं. पळालेल्यांची गोष्ट जास्त सांगा. हा तास घ्यायच्या आदल्या दिवशी त्या मुलाच्या आईला कळवा, उद्या वर्गात हे येणार आहे म्हणून. तिनं नको म्हटलं तर गोवा आणि घाट गाळा, मलिक अंबरवर थांबा. तास चालू असताना त्याच्याकडे बघू नका. वर्ग तुमच्या डोळ्यांमागे जातो.

सीमांचं काय, असं तुमच्याकडे कुणी ना कुणी विचारेल. बेळगावात हा विषय पोरांना शिकवावा लागत नाही, तो घरात जेवताना कानावर पडतो. १८८४-८५ मध्ये बर्लिनला जमून युरोपच्या सत्तांनी आफ्रिका आपसात वाटून घेण्याचे नियम ठरवले आणि पुढच्या तीसेक वर्षांत नकाशावर रेषा पडल्या. त्या बैठकीत एकाही आफ्रिकी राज्याचा माणूस नव्हता. मसाई लोक अर्धे केनियात, अर्धे टांझानियात गेले. एवढंच सांगा आणि आपल्या सीमेशी ताडून बघायला जाऊ नका. दोन्हींत फरक मोठा आहे आणि चौथीचा वर्ग ही ती जागा नाही. त्यापेक्षा १८९६ ची अडवाची लढाई सांगा. इथिओपियाच्या मेनेलिक राजानं आणि तैतू राणीनं इटलीच्या फौजेचा पराभव केला. राणी स्वतः सैन्य घेऊन रणात होती. कित्तूरच्या चन्नम्मांच्या जिल्ह्यात ही गोष्ट पडून राहणार नाही.

मोबाइलवर मुलांसमोर थेट शोधत बसू नका. पहिलं काय दिसेल सांगता येत नाही, बहुधा उपाशी पोरं नाहीतर सिंह. घरी बघून सात-आठ फोटो आणि दोन छोटे व्हिडिओ निवडून ठेवा: इथिओपियातल्या अदिस अबाबातली ट्राम, नैरोबीतल्या रंगवलेल्या मिनीबस, लालिबेला, किल्वाचे अवशेष. अदिस अबाबा समुद्रसपाटीपासून साडेसात हजार फुटांवर आहे, तिथली माणसं स्वेटर घालून फिरताना दिसतील. 'आफ्रिका म्हणजे ऊन' हे तिथंच गळून पडतं. अबेबे बिकिलाचाही फोटो असू द्या. हा इथिओपियाचा धावपटू १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये अनवाणी मॅरेथॉन पळाला आणि जिंकला. अनवाणी शाळेत येणारी दोन-चार पोरं तुमच्याकडेही असतील.

स्नेहसंमेलनासाठी वेगळं काही बसवायला नकोच, यातलंच मंचावर आणा. पडदा उघडतो तो वाऱ्याच्या खेळानं, ओढण्यांची शिडं घेऊन. मग किल्वाचा बाजार: कापडवाला, मणीवाला, सोनेवाला, भाव करणारी गिऱ्हाइकं. घासाघीस पोरांना शिकवावी लागणार नाही, खानापूरचा रविवारचा बाजार त्यांनी पाहिलाय. मग मलिक अंबर आणि शहाजीराजे. शेवटी आजची नैरोबी, मोबाइलवरून पैसे पाठवणारी आई. पोशाख साधे. पूर्व आफ्रिकेतल्या बायका 'कांगा' नावाचं छापील सुती कापड नेसतात, त्याच्या काठाशी एक म्हण छापलेली असते. घरातल्या जुन्या छापील साड्या चालतील. काठाला कागदाची पट्टी लावा आणि तिच्यावर लिहा, "हराका हराका हाइना बराका", म्हणजे घाईत बरकत नाही. रंग कुणाच्याच तोंडाला नको, शहाजीराजांच्या मिशीपुरतं काजळ ठीक आहे.

त्या मुलाला कुठली भूमिका? त्यालाच विचारा, तेही सगळ्यांच्या याद्या करताना, एकट्याला गाठून नाही. मलिक अंबर त्याला आपणहून देऊ नका, शोभून दिसेल असं कुणी कितीही म्हटलं तरी. मागितला तर द्या. शहाजीराजे मागितले तर तेही द्या, आणि कुणी खुसखुसलं तर त्याला जिराफ करा. मंचावर यायचंच नसेल तर पडदा ओढायला, वाऱ्याचा आवाज काढायला माणूस लागतोच.

सहल विजापूरला निघणार असेल तर गोलघुमट बघून झाल्यावर तिथली गोरखचिंचेची जुनी झाडं दाखवा. ही आफ्रिकेतली झाडं. सवणूरच्या दोड्डहुणसे मठातही अशीच प्रचंड झाडं आहेत. पोरांना हात धरून घेर मोजायला सांगा.

आणि आंबिलीचं पीठ आदल्या रात्री भिजायला हवं, तेव्हा मावशींना दोन दिवस आधी सांगा. साखर-लिंबाच्या पातेल्यात ताक घालू नका.